जळालेली जावा आणि चौदा दिवसांची मुदत

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पन्हाळा तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरामागचा गोठा जळाला. गोठ्यात जनावरे नव्हती. ती वडील गेल्यानंतर वर्षभरातच विकली होती. एका भिंतीला लागून पिंजराची, म्हणजे वाळल्या गवताची, वळई रचलेली होती, वर लाकडी वासे आणि कौले होती, आणि आत दगडी भिंतीशी उजवी बाजू करून वडिलांची १९६६ सालची जावा मोटारसायकल उभी होती. विहिरीच्या मोटारीच्या स्टार्टरची जुनी वायर आम्हीच वर्षानुवर्षे चिकटपट्ट्या गुंडाळून चालवत होतो, त्यामुळे आगीबद्दल दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवण्याची सोय नाही. शेजाऱ्यांनी पाणी आणि ओली माती टाकून आग आटोक्यात आणली. मी कोल्हापुरातून पोहोचलो तेव्हा वासे गाडीच्या डाव्या अंगावर पडून धुमसत होते आणि टाकीच्या क्रोमवर मोरपंखासारखा निळा-जांभळा रंग चढला होता.

वडील पशुवैद्यकीय दवाखान्यात नोकरीला होते आणि त्यांचा निम्मा दिवस या गाडीवर, वाड्या-वस्त्यांवरच्या गोठ्यांकडे जाण्यात जात असे. गाडी त्यांनी १९७४ मध्ये जुनी घेतली होती. २५० सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर, आणि किक मारायची आणि गिअर टाकायचा दांडा एकच, ही या मॉडेलची ओळख. मूळ गाडी झेकोस्लोव्हाकियाची. फ्रान्तिशेक यानेचेक यांनी वांडरर कंपनीकडून मोटारसायकलचे हक्क घेऊन १९२९ मध्ये हा धंदा उभा केला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून नाव ठेवले. आपल्याकडे १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात त्या तयार होऊ लागल्या आणि पुढे १९७० च्या दशकात त्यांनाच येझदी हे नाव मिळाले. गाडी गेली दोन वर्षे बंद होती आणि टाकी कोरडी होती. ती भरलेली असती तर शेजाऱ्यांपैकी कोणालातरी इजा झाली असती, हा विचार अजूनही मधूनच मनात येतो.

त्यानंतरचे तीन महिने मी एका प्रश्नात अडकलो होतो आणि तो प्रश्न मला कायद्याच्या एका वाक्याने घालून दिला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ नुसार वाहन नष्ट झाले किंवा कायमचे वापरण्याजोगे राहिले नाही, तर मालकाने चौदा दिवसांत, किंवा शक्य तितक्या लवकर, ते नोंदणी प्राधिकरणाला कळवायचे आणि नोंदणी प्रमाणपत्र परत करायचे असते. गाडी वारसाने माझ्या नावावर झाली आहे आणि नोंदणीची मुदत अजून संपलेली नाही. म्हणजे ‘ही गाडी दुरुस्त करावी का’ हा प्रश्न माझ्यासाठी हौसेचा उरला नव्हता. ‘ही गाडी कायमची निकामी झाली आहे’ असे खाली सही करून मी प्रामाणिकपणे लिहून देऊ शकतो का, असे त्याचे रूप झाले होते. सही करायची तर ते खरे असले पाहिजे, आणि करायची नसेल तर ती नुसती भावनेपोटी टाळता कामा नये.

पहिली चूक मी सुरुवातीलाच केली. गाडी तशीच, राखेत आणि चिखलात, बारा दिवस पडू दिली. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांना हे चांगले ठाऊक असते की पितळेचे भांडे राखेने लखलखते, पण ॲल्युमिनियमचे पातेले राखेने घासले तर काळे पडते. गवताच्या आणि लाकडाच्या राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. त्यांच्यात पाणी मिसळले की जो अल्कधर्मी चिखल तयार होतो तो ॲल्युमिनियमला खातो. ॲल्युमिनियमच्या क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, ज्या भागाला आगीने फारसे काही केले नव्हते, तिथे या चिखलाने पांढऱ्या पुळ्या आणि खड्डे पाडले. अग्निशामकातली कोरडी पावडर वापरली गेली असती तर तीही ओल लागल्यावर धातूला अशीच खात बसली असती. म्हणून गाडी जळाली तर ती ठेवायची की नाही हे ठरण्याआधीच स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावी, कोरडी करावी आणि तेलाचा हात फिरवावा. निर्णय नंतर होतो, पण खोळंबा धातूला परवडत नाही. मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत हीट ट्रीटमेंटचे, म्हणजे धातू तापवून-निववून त्याचा कडकपणा ठरवण्याचे, काम पाहतो, त्यामुळे हे न कळण्याचे मला काही कारण नव्हते. परंतु त्या बारा दिवसांत मला त्या कोपऱ्याकडे बघवत नव्हते, एवढेच खरे.

आगीने नेमके किती तापमान गाठले होते हे सांगणारे मापक सुदैवाने गाडीतच होते. कार्बोरेटरचे शरीर जस्ताच्या मिश्रधातूचे असते आणि ते चारशे अंश सेल्सियसच्या आसपास वितळते. ते पूर्ण वितळून जमिनीवर त्याची एक चपटी लादी झाली होती. त्या लादीत रुतलेले पितळी जेट मात्र शाबूत होते, आणि पितळ वितळायला नऊशे अंशांच्या आसपास जावे लागते. क्लचवरचे ॲल्युमिनियमचे झाकण खालच्या कडेला मेणबत्तीसारखे ओघळले होते, म्हणजे तिथे पावणेसहाशे-सहाशे अंश नक्कीच झाले होते. याउलट टाकीच्या उजव्या बाजूचे गुडघ्याचे रबर कडक होऊन तडकले होते, पण होते. दगडी भिंतीने ती बाजू राखली होती. जेमतेम दोन हात रुंदीच्या गाडीत एका अंगाला सहाशेच्या वर आणि दुसऱ्या अंगाला बहुधा दोनशेच्या आत, असा हा प्रकार होता. पिंजर भडकते लवकर आणि विझतेही लवकर, वासे मात्र तासन्‌तास धगधगतात. त्यामुळे ज्वाळेपेक्षा अंगावर पडलेल्या निखाऱ्यांनीच जास्त नुकसान केले.

जळालेल्या गाडीकडे पाहणाऱ्याची नजर साहजिकच रंग, सीट, वायरिंग, टायर यांवर जाते, आणि हे सगळे गेलेले पाहून माणूस हबकतो. खरे तर यातली एकही गोष्ट निर्णयाच्या दृष्टीने महत्त्वाची नाही. रबर, सील, वायर, काच, सीटचा फोम हे सगळे जळाले नसते तरी साठ वर्षांच्या गाडीत बदलावेच लागले असते. खरा प्रश्न जे जसेच्या तसे दिसते त्याचा असतो, कारण उष्णता धातूचा आकार न बदलता त्याचा गुण बदलू शकते. स्प्रिंग दिसायला स्प्रिंगच राहते, पण तिचे पाणी, म्हणजे तापवून-निववून दिलेला कडकपणा, उतरलेले असते. पुढच्या फोर्कच्या दोन्ही स्प्रिंगा मी शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा डावी उजवीपेक्षा अकरा मिलिमीटर आखूड भरली. ती गाडीच्या वजनाखाली आणि तापात बसली होती. बेअरिंगच्या पोलादाला कडकपणा देऊन झाल्यावर साधारण दीडशे ते दोनशे अंशांच्या दरम्यान पुन्हा तापवून ते पाणी थोडे सोडलेले असते, त्यामुळे त्यापलीकडे ते तापले की मऊ पडू लागते. इंजिन उघडल्यावर डाव्या बाजूच्या मेन बेअरिंगची आतली कडी निळी झालेली दिसली. स्वच्छ पोलादावर निळा रंग साधारण तीनशे अंशांना येतो. उजव्या बेअरिंगवर रंगच नव्हता. गिअर वरून कडक केलेले असल्याने त्यांच्याविषयीही हीच शंका राहते, आणि डाव्या बाजूच्या दोन गिअरवर गवती पिवळी छटा होती.

सिलिंडर ओतीव लोखंडाचा आहे आणि त्याला विशेष काही झालेले नव्हते. क्रँककेसचे मात्र तसे नव्हते. ती ॲल्युमिनियमची, उभ्या दोन फाकांची असते, आणि त्या दोन्ही फाका एकाच धातूच्या, एकाच वयाच्या असल्यामुळे माझ्याकडे तुलनेला आयता नमुना होता. फाउंड्रीतल्या, धातूचा कडकपणा मोजणाऱ्या ब्रिनेल यंत्रावर पाच मिलिमीटरची गोळी आणि अडीचशे किलोचा भार लावून मी दोन्ही फाकांवर, जाड जागा निवडून, प्रत्येकी चार ठसे घेतले. उजव्या फाकेची सरासरी ७४ आली आणि डावीची ४७. नुसत्या या आकड्यावर मी डावी फाक बाद केली नसती, कारण क्रँककेसवर येणारा ताण काही विमानाच्या भागासारखा नसतो. पण बेअरिंगची बैठक मोजली तेव्हा ती नऊ शतांश मिलिमीटरने लंबगोल झालेली होती. जिथे बेअरिंग बसवायला फाक शंभर अंशांपर्यंत गरम करावी लागते, अशा घट्ट बैठकीत नऊ शतांश म्हणजे बेअरिंग हाताने गोल फिरेल. वेल्डिंगने भरून पुन्हा बोअर करता येते, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात ते करणारे हातही आहेत. पण मऊ पडलेल्या धातूत भरलेली बैठक किती हजार किलोमीटर टिकेल, हे सांगायला मी स्वतः धजलो नसतो. आणि जे मी गिऱ्हाइकाला लिहून देणार नाही ते स्वतःच्या गाडीत का बसवावे?

चासीसने, म्हणजे गाडीच्या चौकटीने, मला चकित केले. कमी कार्बनचे साधे पोलाद उष्णतेच्या बाबतीत फार सोशिक असते. त्याला मुळात पाणी दिलेलेच नसते, त्यामुळे उतरायला फारसे काही नसते. भीती असते ती वाकण्याची, कारण एक बाजू तापते, फुगते, थंड बाजू तिला अडवते, आणि निवताना ओढ उरते. उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींकडे मी चौकट नेली ते सत्तरीचे आहेत आणि त्यांच्याकडे जर्मन बनावटीचे काही नाही. एक सपाट ओतीव टेबल, दोन सरळ दंड आणि सुतळी आहे. त्यांनी स्टिअरिंगच्या मानेतून एक दंड घातला, मागच्या झुलत्या काट्याच्या भोकातून दुसरा घातला, आणि दोन्ही एकमेकांशी काटकोनात आहेत का ते तासभर निरनिराळ्या बाजूंनी पाहिले. फरक एक मिलिमीटरच्या आत होता. सीटखालचा मागचा डावा कमानीसारखा भाग सहा मिलिमीटर आत आला होता, पण तो भार घेणारा मुख्य भाग नाही आणि तो सरळ होतो. वेल्डच्या जागा आम्ही लाल रंग मुरवून आणि त्यावर पांढरी पावडर मारून तपासल्या. चिरेची एकही रेघ उमटली नाही. मानेजवळच्या चासीस नंबरावरचे पोपडे पितळी ब्रशने काढले तेव्हा प्रत्येक आकडा वाचता आला.

मिस्त्री म्हणाले, “साहेब, सांगाडा धडधाकट आहे. पोट गेलंय.”

एवढ्यावर कलम ५५ च्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले होते. ज्या गाडीची चौकट सरळ आहे आणि नंबर वाचता येतो, ती कायमची निकामी आहे असे मी लिहू शकत नव्हतो. उरलेले अर्धे उत्तर इंजिनाचे होते आणि ते जास्त अवघड निघाले.

मधल्या काळात लोक येत होते. पहिला आला भंगारवाला, तो तर दुसऱ्याच दिवशी. त्याने लोखंडाचा आणि ॲल्युमिनियमचा भाव वेगळा सांगितला आणि ‘जावा आहे म्हणून’ वर दोन हजार देऊ केले. त्याच्याविषयी माझी काही तक्रार नाही, तो सरळ माणूस होता. नंतर आलेल्या दोघांचा पहिला प्रश्न मात्र एकच होता: “कागद जळाले नाहीत ना?” आर.सी. बुक कोल्हापूरच्या घरी लोखंडी पेटीत होते, हे कळल्यावर त्यातल्या एकाने चासीसचा तुकडा आणि पुस्तक एवढ्यासाठीच चाळीस हजार सांगितले. त्याच्याकडे कागद नसलेली एक चांगली जावा होती. तिच्यावर माझा नंबर मारायचा, की झाले. दुसऱ्याने तर हाच मार्ग मला माझ्या फायद्याचा म्हणून सुचवला: बाहेरून चांगली चौकट आणि इंजिन घ्या, नंबर मारून घ्या, कोणाला कळणार आहे! कळो वा न कळो, चासीस नंबर खोडून दुसरा मारणे हा गुन्हा आहे, आणि कागद नसलेली गाडी कागदाविना का आहे याचे उत्तर अनेकदा कोणाच्या तरी चोरीच्या फिर्यादीत असते. नोंदणी वेळेवर रद्द करून घेण्याचा जो नियम आहे, तो किती गरजेचा आहे हे मला त्या दोन भेटींत समजले. जळालेल्या गाडीपेक्षा तिचे कागद जास्त किमतीचे असतात, आणि मालकाने ते पेटीत विसरले की गिऱ्हाईक आपोआप वास काढत येते.

विमा असता तर कदाचित निर्णय दुसऱ्याच कोणीतरी घेतला असता. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा उतरवलेल्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपलीकडे गेला की आपल्याकडे ती गाडी विम्याच्या हिशेबात पूर्ण गेलेली धरतात. माझ्या गाडीवर फक्त तृतीय पक्ष विमा होता, त्यात स्वतःच्या गाडीच्या आगीचे काही मिळत नाही. तरी मापदंड म्हणून मी तोच लावून पाहिला. चौकट सरळ करणे आणि रंग, दोन्ही चाकांचे नवे आरे आणि रिम, टाकीचे डेंटिंग आणि क्रोम, वायरिंग, डायनमोची नवी वाइंडिंग, फोर्क, सीट, आणि इंजिनाचा मिळेल तो पर्याय, असा सगळा अंदाज एक लाख पासष्ट हजारांवर गेला. तेवढ्यात चांगल्या अवस्थेतली, चालती जावा मिळू शकते. पैशाच्या भाषेत बोलायचे तर गाडी मेली होती, आणि ही गोष्ट मी कोणापासून लपवत नाही.

व्हिंटेजचा मुद्दा लोक हमखास काढतात, म्हणून त्याविषयीही सांगतो. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार आहे, आणि ती दहा वर्षे चालते. पण गाडी मूळ स्वरूपात राखलेली असली पाहिजे; चासीस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. शिवाय अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही; प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती चालवायची. मला गाडी सजवून ठेवायची नव्हती. पावसाळा संपला की आईला मागे बसवून शेताकडे जाता यावे, एवढीच तिच्याकडून अपेक्षा होती. त्यामुळे हा मार्ग मी फारसा विचार न करता सोडून दिला.

बहिणीने आणखी एक पर्याय सुचवला होता: गाडी आहे तशीच, जळलेली, अंगणात ठेवावी. हल्ली अशा वस्तू हॉटेलांच्या दारात दिसतात. पन्हाळ्याकडच्या पावसात रंग गेलेले लोखंड तीन पावसाळे काढणार नाही, हे एक कारण; आणि वडिलांना, ज्यांनी या गाडीवर एकदा वासरू बांधून दवाखान्यात आणले होते, ती शोभेची वस्तू झालेली आवडली नसती, हे दुसरे. बहिणीने ते मान्य केले, पण नाराजीने.

म्हणजे गाठ इंजिनापाशीच होती. त्याच प्रकारचे दुसरे इंजिन, विकणाऱ्याच्या कागदांसह मिळाले, तर ते बसवून त्याचा नंबर आरटीओकडून आर.सी.मध्ये नोंदवून घेता येतो. कायद्याला ते मान्य आहे. मलाच ते पटत नव्हते. माझ्या डोक्यात वडिलांची गाडी म्हणजे ते इंजिन होते. थंडीत पहिल्या किकला न उठणारे, उठल्यावर निळा धूर सोडून सगळी आळी जागी करणारे, उतारावर पेट्रोल बंद करताच टणटण असा रिकामा आवाज काढणारे. तेच नसेल तर मी दीड लाख रुपये खर्चून फक्त एक नंबर जतन करणार होतो, आणि मग चाळीस हजार देऊ करणाऱ्या त्या माणसात आणि माझ्यात फरक फक्त शिक्क्याचा उरणार होता. एप्रिलच्या शेवटी मी जवळजवळ ठरवलेच होते की सही करायची, चौकट कापायची आणि उजव्या बाजूचे चांगले सुटे भाग कोणातरी जावावाल्याला देऊन टाकायचे.

अर्जासाठी इंजिन नंबर लिहून घ्यावा म्हणून आर.सी. बुक काढले. क्रँककेसवर मी स्वतः ब्रशने घासून वाचलेला नंबर आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावरचा नंबर जुळेना. आधी वाटले की उष्णतेने आकडा बुजला असेल, मग वाटले की मीच चुकीचा वाचला. शेवटी पान उलटले. फेरफारांच्या रकान्यात, फिकट झालेल्या जांभळ्या शाईत, १९८१ सालची एक नोंद होती: इंजिन बदलल्याची, नव्या नंबरासह, खाली शिक्का आणि सही. क्रँककेसवरचा नंबर तोच होता.

मी पुस्तक घेऊन आईकडे गेलो. तिने चष्माही लावला नाही.

“ते पयलं इंजान न्हवंच,” ती म्हणाली. “तू चार वर्साचा असशील. फरशी पुलावरनं पानी जात हुतं, तरी ह्यांनी गाडी घातली. कुनाची तरी म्हस अडली हुती. मग ते इंजान फुटलं. सांगलीतनं दुसरं आनलं, आनि चार खेपा घातल्या हापिसात.”

म्हणजे ज्या आवाजाला मी मूळ समजत होतो तो दुसऱ्या इंजिनाचा होता. जे इंजिन मी वडिलांचे म्हणून जळालेले पाहत होतो, ते त्यांनी त्याच कारणासाठी, गाडी रस्त्यावर असली पाहिजे म्हणून, बाहेरून आणून बसवले होते आणि त्याची रीतसर नोंद करून घेतली होती. त्यांना त्यात काही तुटल्यासारखे वाटल्याचे आईला तरी आठवत नाही. तिला आठवतात त्या चार खेपा आणि त्या महिन्यात लांबलेले घरभाडे. पुस्तकातल्या त्या ओळीने माझे दोन आक्षेप एकदम निकालात काढले. मूळपण १९८१ मध्येच गेले होते, म्हणजे मी जे राखायला निघालो होतो ते तिथे नव्हतेच. आणि इंजिन बदलणे म्हणजे नुसता नंबर जतन करणे, हा माझा युक्तिवाद वडिलांच्याच शिक्क्याने खोटा ठरत होता.

निर्णय मग फार वेळ न घेता झाला. नोंदणी रद्द करण्याचा अर्ज मी करत नाही, कारण जे खरे नाही ते लिहून देता येत नाही. चौकट ठेवायची, मागची कमान सरळ करायची. बेअरिंग, स्प्रिंगा, ॲक्सल, आरे आणि ताण घेणारे सगळे बोल्ट नवे. यात डावे-उजवे करायचे नाही, कारण कोणता भाग दोनशे अंशांच्या आत राहिला हे प्रत्येक बोल्टापुरते सांगता येत नाही. टाकी उघडून आतून पाहिली आहे. सांधे चांगले आहेत, हवेच्या दाबावर पाण्यात बुडवून तपासल्यावर एक बुडबुडा आला, तो जोडून घेतला. क्रोम पुन्हा करायचे, रंग मूळ तपकिरी-लालच. सिलिंडर, उजव्या बाजूचा डायनमोचा सांगाडा, हँडल आणि हेडलाइटचे घर वापरता येईल. स्पीडोमीटरची काच तडकली आहे, काटा जिथे होता तिथेच चिकटला आहे. तो चालू होईल असे घड्याळजीने सांगितले, मला खात्री नाही. सुट्या भागांची अडचण वाटली होती तेवढी नाही. झेक लोकांमध्ये हे मॉडेल अजून लाडके आहे, त्यांच्याकडेही बरेच भाग नव्याने बनतात आणि आपल्याकडेही; पुण्यात नाना पेठेत आणि जुन्या बाजारात दोन रविवार घालवले तर निम्मी यादी संपते, फक्त प्रत्येक वस्तू हातात घेऊन मापून घ्यावी लागते, कारण नव्याने बनवलेल्या भागांत चकाकी भरपूर आणि धातू हलका असतो.

एक अट मी स्वतःलाच घातली आहे आणि ती मिस्त्रींनाही सांगून ठेवली आहे. इंजिन कागदाशिवाय घ्यायचे नाही, मग कितीही चांगले असो. विकणाऱ्याचे नाव-पत्ता, इंजिन ज्या गाडीतून निघाले तिची नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा, आणि पावती. तिन्ही असतील तरच. आतापर्यंत पाच इंजिने पाहिली. दोन उत्तम होती आणि दोन्हींचे नंबर ग्राइंडरने उडवलेले होते. एकाचे कागद होते, पण क्रँककेस चिरलेली होती. जयसिंगपूरच्या बाजूला एक आहे, त्याचा मालक कागद शोधतो आहे. शोधायला त्याला दोन महिने लागले तरी चालतील, घाई मला नाही.

जुने इंजिन, म्हणजे खरे तर दुसरे, खोलून तेल लावून पोत्यात ठेवले आहे. त्याची उजवी फाक चांगली आहे. तशीच चांगली डावी फाक एखाद्या दिवशी मिळाली तर पुढचे पुढे पाहू.

काल आईला हे सगळे सविस्तर सांगितले, खर्चाच्या आकड्यासह. तिने आकड्यावर काही म्हटले नाही. गोठ्याच्या नव्या पत्र्याखाली अजून लोंबत असलेल्या स्टार्टरच्या वायरकडे बोट करून ती म्हणाली, “गाडीचं मागनं बघ. आधी ही वायर बदल.”

वायरमन बुधवारी येतो म्हणाला आहे.